उतारा तपासला, बरोबर

चौदा वर्षं मी सरकारी मोडीवाचक होतो आणि त्या चौदा वर्षांत मला मोडीचं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. हे मी आज बिनदिक्कत सांगतो, कारण ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्या सगळ्यांना ते एकाच दिवशी, एकाच खोलीत, माझ्याच तोंडून कळलं. त्यानंतर लपवायला काही उरलं नाही, आणि माझी भूक वाढली.

दोष माझ्या आडनावाचा. मी विष्णू चिटणीस. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दरबारात कागद लिहायचे, म्हणून आडनाव चिटणीस. बेचाळीस साली, ग्वाल्हेर संस्थानचं राज्य असताना, उज्जैनच्या एका जुन्या दफ्तरात मोडीवाचकाची जागा रिकामी झाली. खात्याचं नाव सांगत नाही, त्यातली मंडळी अजून संध्याकाळी फिरायला भेटतात. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी माझा अर्ज पाहिला, आडनावाशी थांबले आणि म्हणाले, "चिटणीस! मग मोडी तर घरातच असेल." मी म्हणालो, "हो." खोटं नव्हतं ते. मोडी घरात होती. पण ती माझ्या अहल्याआत्याच्या डोक्यात होती.

आजोबा मुलांना मोडी शिकवायचे तेव्हा आत्या दाराआड गहू निवडत बसायची. मुलं विसरली, आत्या विसरली नाही. मग आमची व्यवस्था अशी बसली: दफ्तरात मोडी कागद आला की मी त्यावर पातळ कागद ठेवून जसंच्या तसं गिरवायचो, घरी न्यायचो, आत्या वाचायची, मी बालबोध लिपीत उतरवायचो. दुसऱ्या दिवशी उतारा भय्यासाहेबांच्या टेबलावर. भय्यासाहेब पोतनीस म्हणजे आमचे दफ्तरप्रमुख. ते चष्मा कपाळावरून नाकावर आणत, मूळ कागद आणि उतारा शेजारी-शेजारी ठेवत, बराच वेळ 'हूं, हूं' करत आणि खाली लिहीत: 'उतारा तपासला, बरोबर.' मग सही. मला त्या 'हूं'ची फार भीती वाटायची. पोतनीसांच्या घरात तर दोनशे वर्षांची मोडी. एखादी वेलांटी चुकली तरी ते पकडतील असं वाटायचं.

चोपन्न साली आत्या गेली. मी रडलो, आणि लाज वाटते सांगायला, त्यातलं निम्मं रडणं नोकरीसाठी होतं.

पुढल्या दोन वर्षांत चार कागद आले. चारींवर मी एकच शेरा मारला: 'कसर लागल्यामुळे वाचता येत नाही.' भय्यासाहेबांनी चारींखाली लिहिलं, 'तपासलं, बरोबर.'

एवढ्यात छप्पन्न साल उजाडलं. आमचा मध्यभारत जाऊन एक नोव्हेंबरपासून नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. दफ्तरात सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट: कोण राहणार, कोण जाणार. वरून एक तक्ता आला. प्रत्येक जागेसमोर लिहायचं होतं: गेल्या दोन वर्षांत काय काम झालं? जागा चालू ठेवण्याची गरज काय?

भय्यासाहेबांनी मला बोलावलं. तक्ता समोर होता.

"विष्णू, तुझ्यापुढे काय लिहू रे? चार कागद, चारीला कसर. भोपाळवाले म्हणतील, अरे भाई, मग कसरीलाच नोकरीवर ठेवा ना."

"भय्यासाहेब, आपण जे ठीक समजाल ते."

"मी तर तुला बाहेर नाही जाऊ देणार," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांबरोबर मी रामघाटावर पोहायला शिकलो. तू फिकर नको करू. तुझ्यासाठी एक कामाचा कागद शोधला आहे. हा वाच, असा फर्स्टक्लास उतारा कर की भोपाळपर्यंत नाव झालं पाहिजे."

कागद भैरवगडच्या छिप्यांचा होता. छिपे म्हणजे लाकडी ठशांनी कापड छापणारे. तिथल्या शिप्रा नदीच्या काठावर ते पिढ्यान् पिढ्या कापड धुतात, वाळवतात. आता एका शेठला तो काठ तार ठोकून बगिच्यासाठी हवा होता. छिपे म्हणत होते, काठ आमचा, शिंदे सरकारनं दिलेला. पुरावा म्हणून त्यांच्या पंचायतीच्या पेटीतला हा एकच कागद. त्यात काय लिहिलं आहे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मंगळवारी सुनावणी होती.

मी सवयीनं कागद गिरवून घरी आणला. रविवारी दुपारी समोर ठेवून बसलो. मोडीची ती ओळ पाहिली आहे का तुम्ही? लेखणी एकदा टेकली की उचलायची नाही, अशी शपथ घेऊन लिहिलेली. मी कागद उलटा धरून पाहिला, उजेडासमोर धरून पाहिला, एक डोळा मिटून पाहिला. माझी बायको मंगला शेजारी तांदूळ निवडत होती. ती धारची, बोलायला कमी आणि बघायला जास्त.

यावेळी कसर चालणार नव्हती. कागद धडधडीत चांगला होता, आणि वाचता येत नाही म्हटलं तर छिप्यांचा काठ गेला, माझी जागाही गेली. मग माझ्या मनात एक गोड विचार आला. काठ छिप्यांचा आहे हे अख्ख्या उज्जैनला माहीत आहे. कागदात तेच लिहिलेलं असणार! मग मी लिहिलं तर बिघडलं कुठे? नोकरी वाचते, गरिबांचं भलं होतं, पुण्यही पदरात पडतं. वाईट काम करताना मला कधी इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मी बैठक मारली आणि लिहिलं. काय लिहिलं म्हणता! 'भैरवगडचे समस्त छिपे मंडळीस अभयपत्र दिधले ऐसे जे,' अशी सुरुवात. मग त्यांच्या कलेची तारीफ, मग काठाचं दान. हद्द लिहायची वेळ आली तेव्हा मी डोळ्यांसमोर घाट आणला, या टोकाला सिद्धवटाचा जुना वड, त्या टोकाला पायऱ्या, आणि लिहून टाकलं: 'सिद्धवटापासोन दगडी पायऱ्यांपर्यंत.' शेवटी चंद्रसूर्य असेतोवर वगैरे. मला इतकं आवडलं की मंगलाला वाचून दाखवलं.

तिनं ऐकून घेतलं. टेबलावर पडलेल्या गिरवलेल्या कागदाकडे एकदा पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. "आणि हत्ती?"

"कुठला हत्ती?"

"काही नाही. मला आपलं वाटलं, जुन्या कागदात हत्ती असतो."

"सगळ्या कागदांत हत्ती नसतो," मी जरा गुरकावलो. ती तांदूळ घेऊन आत गेली. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. अकरा वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच झालं होतं, पण मी आपल्याच तारेत होतो.

सोमवारी सकाळी भय्यासाहेबांनी उतारा पाहिला. मूळ कागद, उतारा, शेजारी-शेजारी. हूं. हूं. "वाह," ते म्हणाले, "काय भाषा आहे! आपले पूर्वज ते पूर्वजच." आणि खाली लिहिलं: 'उतारा तपासला, बरोबर.' सही.

मी चाट पडलो. दोनशे वर्षांची मोडी घरात असलेल्या माणसानं माझ्या मनचं कवित्व पास केलं होतं! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मला वाटलं, नशिबानं कागदात खरंच तेच असेल.

दुपारी छिप्यांचे मुखिया रहीमबक्ष आले. सत्तरीचे, हातांना कोपरापर्यंत निळा-लाल रंग मुरलेला, आता तो धुतल्यानं जाण्यातला नव्हता. मी त्यांना खुर्ची दिली आणि हसून म्हणालो, "चाचा, फिक्र मत करो. काग़ज़ आपके हक़ में है."

मला वाटलं म्हातारा खूश होईल. तो गंभीर झाला.

"बाबूजी, मेरे वालिद कहते थे कि इसमें क्या लिखा है, हमें नहीं मालूम. पर जो लिखा है, वही हमारा है. आप बस वही पढ़ना. हम पर तरस खाकर एक लफ़्ज़ ज़्यादा मत पढ़ना."

"और अगर आपके ख़िलाफ़ लिखा हो तो?"

"तो हम दूसरा किनारा ढूँढ लेंगे. झूठे किनारे पर बच्चों को कैसे बिठाऊँ? कल कोई पढ़नेवाला आ गया तो?"

ते गेले. मी खुर्चीत बसून राहिलो. ज्याचं सगळं जायचं होतं तो माणूस एक शब्द जास्त घ्यायला तयार नव्हता, आणि मी त्याला अख्खी सनद घरी बसून लिहून दिली होती. मला माझी इतकी लाज वाटली की समोरच्या चहाला हात लावता येईना.

खरं सांगायचं तर ठरवलं त्या क्षणी. पण ठरवल्यावर एक गोष्ट आठवली. उताऱ्याखाली भय्यासाहेबांची सही होती. मी तोंड उघडलं तर मी एकटा जात नव्हतो, ज्यांनी मला वाचवायला कागद शोधला तेही माझ्याबरोबर जाणार होते. मी त्यांना आधी सांगायला गेलो, तर ते इंदूरला लग्नाला निघून गेलेले. मंगळवारी थेट सुनावणीला येणार.

मंगळवारी सकाळी मी न जेवता निघालो. मंगला दारात म्हणाली, "अहो, काही सांगायचं आहे का?" मी म्हणालो, "संध्याकाळी सांगेन. कदाचित उद्यापासून मी घरीच असेन." ती म्हणाली, "बरं." आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नवा माणूस आहे. घाईत मी चष्मा घरीच विसरलो.

खोलीत गर्दी होती. सुनावणीचे साहेब कानपूरकडचे, नव्यानं बदलून आलेले. एका बाजूला शेठ आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला रहीमबक्ष आणि पाच-सहा छिपे. भय्यासाहेब इंदूरहून धापा टाकत आले आणि माझ्या शेजारी बसले. मी त्यांच्या कानात म्हणालो, "भय्यासाहेब, मला माफ करा." ते म्हणाले, "अरे नंतर कर, जो काय असेल तो." तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं.

साहेबांनी उतारा हातात घेतला. "चिटणीसजी, यह आपने मूल से पढ़कर उतारा है?"

मी उभा राहिलो. चौदा वर्षांपूर्वी याच दफ्तरात मी 'हो' म्हणालो होतो.

"जी नहीं. मुझे मोडी पढ़ना नहीं आता. यह मैंने मन से लिखा है."

बाहेर एका टांग्याचा घोडा फुरफुरला. वकिलाचं तोंड आनंदानं उघडंच राहिलं. रहीमबक्षनी डोळे मिटले. साहेब हळूच भय्यासाहेबांकडे वळले.

"पोतनीस साहब, पर आपने तो जाँचा है. नीचे लिखा है, 'बरोबर'."

आता भय्यासाहेब माझ्यावर कोसळणार असं मला वाटलं. त्यांना सगळं माझ्या माथी मारायची सोय होती: फसवलं मला, असं म्हणाले असते तर कोणी शंका घेतली नसती. ते उठले. टोपी काढली, तिच्यात एकदा पाहिलं, परत घातली.

"हुज़ूर," ते म्हणाले, "मुझे भी नहीं आता."

"क्या नहीं आता?"

"मोडी. बचपन में कान पकड़कर सिखाई थी, मैं भाग जाता था. मुझे लगा, विष्णू को आती है."

"आणि मला वाटलं, तुम्हांला येते!" माझ्या तोंडून गेलं. चौदा वर्षं मी त्यांच्या 'हूं'ला घाबरलो होतो, आणि ते माझ्या वेलांट्यांना घाबरत होते.

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. तिथे एक फडणीस होते, एक पारसनीस होते, कोपऱ्यात एक दफ्तरदार होते. सगळी लिहिणाऱ्यांची घराणी. साहेब एकेकाकडे पाहू लागले तसा एकेकजण खिडकीबाहेर पाहू लागला. खिडकीबाहेर फक्त एक कडुनिंब होता.

"मतलब, इस पूरे दफ़्तर में..." साहेबांनी वाक्य सोडून दिलं.

"मी वाचू का?"

दारात मंगला उभी होती. हातात माझा चष्मा. देवास गेटहून टांगा करून ती तो पोचवायला आली होती आणि सगळं ऐकलं होतं. मी इतका गोंधळलो की तिला म्हणालो, "चष्म्याचा काही उपयोग नाही." ती म्हणाली, "माझ्यासाठी आहे," आणि तो आपल्या नाकावर चढवून पुढे आली.

शेठचा वकील उसळला. ही कोण, हिला काय येतं, कशावरून. साहेबांनी हात वर केला आणि मूळ कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं पदर सारखा केला आणि वाचायला लागली. भाजीची यादी वाचतात तितकं सहज.

"'भैरवगडचे समस्त छिपे यांसी. सवारीचे हत्तीची झूल तुम्हांकडोन रंगोन आली. ती पावसात भिजोन रंग सुटला. हत्ती पोटापर्यंत तांबडा जाहला. रयत हसली. तुम्हांस कपडा धुवावयास व वाळवावयास वडापासोन हत्तीचे खुंटापर्यंत काठ वंशपरंपरा दिला असता धुण्यात कुचराई करणे, हे काय? पुढे सात पाणी धुवोन देत जावे.'"

आधी कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मंगलानं तेच हिंदीत सांगितलं, मग साहेबच हसले, आणि मग खोली आवरेना. हसले नाहीत ते फक्त रहीमबक्ष. ते उभे राहिले होते, चेहरा लाल.

"हमारे परदादा का रंग... कच्चा निकला?"

"एक बार, चाचा," मंगला म्हणाली. "बारिश बहुत होगी."

वकिलानं शेवटचा प्रयत्न केला. "साहब, बाई जो कहे हम मान लें? कैसा खूँटा? कहाँ का खूँटा?"

"खूँटा है," रहीमबक्ष म्हणाले. "सीढ़ियों से साठ हाथ आगे, पत्थर का. इतना मोटा कि दो आदमी की बाँहों में न आए, ऊपर लोहे का कड़ा. हम उससे सुखाने की रस्सी बाँधते हैं. बचपन से पूछते थे कि रस्सी के लिए इतना बड़ा खूँटा किसने गाड़ा. किसी को मालूम नहीं था."

साहेब त्याच दुपारी जीपनं भैरवगडला जाऊन तो खुंट पाहून आले. काठ छिप्यांचा ठरला.

पायऱ्यांपासून साठ हात पुढे. मी माझ्या सनदेत पायऱ्यांपर्यंतच लिहिलं होतं. मी दया करून त्यांना जो काठ दिला होता, त्यात त्यांचेच साठ हात कापले होते, आणि खाली 'बरोबर' लिहिलेलं होतं.

घरी येताना टांग्यात मी मंगलाला विचारलं, "तू कधी शिकलीस?"

"दुपारी. आत्यांबरोबर डाळी निवडता निवडता. नऊ वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोडीवाचक," ती म्हणाली. "मी कशी सांगू? तुम्ही विचाराल म्हणून वाट पाहत होते. हत्तीचंसुद्धा सुचवून पाहिलं."

"आणि नसतो बोललो मी आज? तर?"

ती घोड्याच्या शेपटीकडे पाहत राहिली. "मी चष्मा घेऊन आलेच होते ना," ती म्हणाली. आणि मग, "पण तुम्ही आधी बोललात. बरं वाटलं मला."

शिक्षा झाली. माझी जागा गेली. साहेबांनी शेऱ्यात 'स्वतः कबूल केले' असं लिहिल्यामुळे मला काढलं नाही, जावक टपालावर बसवलं. पाकिटं चिकटवायची, तिकिटं लावायची. भय्यासाहेबांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी स्वतःच्या हातानं स्वतःच्या फायलीला लावली. आणि भोपाळच्या तक्त्यात मोडीवाचकाच्या जागेसमोर भय्यासाहेबांनी लिहिलं, 'जागा अत्यंत गरजेची. आजवर रिकामी होती.' जानेवारीत तिथे मंगला चिटणीस यांची तात्पुरती नेमणूक झाली. माझे चार 'कसर' लागलेले कागद तिनं पहिल्याच दिवशी वाचून काढले.

खरी पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. तिनं उतारे भय्यासाहेबांपुढे ठेवले. नियमाप्रमाणे खाली सही हवी. भय्यासाहेबांनी सवयीनं 'हूं' केलं, लेखणी बुडवली, आणि तशीच हवेत धरून बसले. शाईचा थेंब टेबलावर पडला.

"वहिनी," ते म्हणाले, "हे मी तपासलेलं नाही. आधी शिकवा."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत आमची शाळा भरू लागली. बाकावर ओळीनं भय्यासाहेब, फडणीस, पारसनीस, शेवटी मी. समोर मंगला. ती कोणाचे कान पकडत नसे, पण चुकलं की नुसती बघायची. भय्यासाहेब आता पळून जाण्याच्या वयाचे नव्हते. उतारे वर्षभर सहीविना पडून राहिले, भोपाळहून दोनदा विचारणा आली, आणि भय्यासाहेबांनी दोनदा कळवलं: 'तपासणारे शिकत आहेत.'

मी सर्वांत ढ होतो. सत्तावन्नच्या दिवाळीआधी एके दुपारी मंगलानं भैरवगडच्या कागदाची ती जुनी गिरवलेली प्रत माझ्यापुढे ठेवली. मी नेहमीसारखा त्या गुंत्यात बोट फिरवत होतो. दुसऱ्या ओळीत बोट थांबलं. ह. मग त्ती. मी परत मागे जाऊन पाहिलं. हत्ती. हत्तीच होता तो, चांगला ठसठशीत, पहिल्या दिवसापासून तिथेच उभा.

"हत्ती," मी म्हणालो. इतक्या मोठ्यानं की भय्यासाहेबांनीही वळून पाहिलं.

मंगलानं लेखणी माझ्या हातात दिली. मी प्रतीच्या खाली लिहिलं, 'एक शब्द तपासला, बरोबर,' आणि चौदा वर्षांच्या नोकरीनंतर, एक वर्ष पाकिटं चिकटवल्यानंतर, पहिल्यांदा मोडीच्या कागदावर सही केली.